दाजी, काटा पंच्याऐंशीवर होता

दोन हजार पंचवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा, तुम्ही एकोणसत्तरचे. वयानं तुम्ही धाकटे, पण माझ्या बहिणीचे, शकूचे मालक. म्हणून दाजी, म्हणून अहो-जाहो. हे मला कधी पटलं नाही. लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. रीत म्हणून हलकाच पिळायचा असतो. मी असा पिळला की मुंडावळ्यांच्या मागं तुमचं तोंड लालभडक झालं. तुम्ही दात आवळून हळूच म्हणालात, "मेव्हणं, जरा बेतानं. जास्त पिळलं की आटे जात्यात." मांडवात उभं राहून नटबोल्टाच्या भाषेत बोलणारा नवरदेव मी पहिल्यांदाच बघितला. तिथून आपली जी जुंपली, ती पंचेचाळीस वर्षं सुटली नाही.

तुम्ही जाऊन आज सोळा दिवस झाले. तुमच्या गॅरेजाची, तुमच्या हाताखाली तयार झालेल्या मिस्त्र्यांची माहिती कुणाला पाहिजे असंल तर त्यानं उमरग्यात जाऊन विचारावं. मला तुमच्याशी बोलायचंय. एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती तुम्हाला ठाऊक होती, हेही मला ठाऊक आहे. तरी माझ्या तोंडून राहिली होती.

बावीस वर्षांमागं मी ती हिरव्या टाकीची जुनी फटफटी घेतली. धूर लई मारायची. उमरग्याला तुमच्याकडं आणून लावली. तुम्ही इंजिन उघडलं, बोर, म्हणजे पिस्टन वर-खाली होतं ती नळी, आतनं घासून आणलं, नवं पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. किल्ली हातात देताना शाळामास्तरासारखं सांगितलंत, "मेव्हणं, पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची न्हाय. आतलं समदं नवं हाय, त्यांची एकमेकाशी अजून वळख न्हाय. ह्या इंजिनाला पाणी न्हाय, नुसतं वाऱ्यावर थंड व्हतंय. दर वीस किलोमीटरला थांबायचं. इंजिनाच्या पट्ट्यांवर हात टेकवायचा. दहा आकडं मोजस्तोवर हात टिकला, तरच पुढं निघायचं."

मी व्हय म्हणलं. तीन दिवस चाळीसनंच चालवली. चौथ्या दिवशी कळंबला निघालो होतो. येरमाळ्याच्या पुढं मागून एसटी आली. माझ्या बरोबरीला आली, आणि खिडकीतल्या एकानं डोकं बाहेर काढून विचारलं, "मामा, ढकलू लागू का?" सगळी एसटी हसली. बायाबापड्यासुद्धा.

आता तुम्हीच सांगा दाजी, एकोणपन्नास वर्षांचा माणूस, डोक्याला पटका, खाली नवं इंजिन. काय करायचं होतं त्यानं?

मी मूठ पिळली. काटा पन्नास, साठ, सत्तर. एसटीचं मागचं चाक गेलं, पुढचं चाक गेलं, डायव्हर माझ्याकडं बघायला लागला. काटा पंच्याऐंशीवर होता. मी एक हात सोडून खिडकीवाल्याला रामराम घातला. दोन किलोमीटर मी राजा होतो. मग खालून चर्रर्र असा आवाज आला, मागचं चाक जागच्या जागी धरलं आणि रस्त्यावर काळा पट्टा ओढत फटफटी उभी राहिली. माझं नशीब की मी पडलो नाही. थोड्या वेळानं तीच एसटी आली. थांबली. कंडक्टर दारातनं वाकून म्हणाला, "मामा, येताव का?" मी म्हणलं, "पाय मोकळं करायला उतरलोय." आणि मग आठ किलोमीटर ढकलत नेली.

तुम्हाला मात्र सांगितलं, "चाळीसनं चालली व्हती. तुमचं बोर टाइट. इंजिन धरलं." तुम्ही वरचा डबा काढला, पिस्टन बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणालात, "असंल." एवढंच. पुन्हा करून देतो म्हणालात, तर मी म्हणलं, "आता न्हाय. एकदा मारलंत, बास झालं."

त्या दिवसापासनं गाडी आमच्या शेळ्यांच्या गोठ्यात. सीटवर कोंबडी अंडी घालायची. आणि मी गावोगाव. लग्न असो, बारसं असो, बाजार असो, इंजिनाचं नाव निघालं की माझी टेप सुरू. आमच्या दाजीनं माझं इंजिन मारलं. हात चांगला म्हणतात, पण घरच्या माणसाचंच काम बिघडवलं. मला वाटायचं गंमत करतोय. पण आमच्या बेंबळीकडची जी माणसं आपल्या गाड्या, पंपाची इंजिनं घेऊन उमरग्याला तुमच्याकडं यायची, ती यायची कमी झाली. मला कळत होतं. कळत होतं, दाजी. पण एकदा सांगितलेलं मागं घ्यायचं म्हणजे पंच्याऐंशी सांगावं लागणार होतं.

यंदा नात अश्विनीचं लग्न ठरलं. पोरगी धाराशिवला नर्स आहे. माझा पोरगा वसंता म्हणाला, "आण्णा, पत्रिका मोबाइलवर टाकतो समद्यांना." मी म्हणलं, "कोपऱ्याला हळद-कुंकू मोबाइलवर लावणार का? मी हातानं देणार, घरोघर." तो म्हणाला, "जाणार कशावर?" माझ्या तोंडून निघून गेलं, "फटफटीवर."

घरात असा हशा पिकला की शेजारची माणसं बघायला आली. हसल्यावर मी मागं हटणारा नव्हे. तुम्हाला फोन लावला. गॅरेज बंद करून तुम्हाला चार वर्षं झाली होती. मला वाटलं, टोमणा माराल. तुम्ही विचारलंत, "टाकी गंजली का?" दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन एसटीनं हजर. शकू सांगत होती की आदल्या रात्री तुम्ही जेवलासुद्धा नाहीत, पेटीतले पाने पुसत बसलात.

गोठ्यात शेळ्या एका बाजूला, तुम्ही एका बाजूला. दोन दिवस पिस्टन डिझेलमध्ये भिजत ठेवलं, मग लाकडी ठोकळा लावून ठोकून बाहेर काढलं. बोर पुन्हा करून आणलं, पिस्टन नवं आणलं. तुमचे हात कापत होते, चहाचा कप बशीवर वाजायचा. पण नव्या रिंगा हातात घेतल्या की हात थांबायचे. मी ते बघितलं. मी नुसतं म्हणलं, "ह्या टायमाला टाइट करू नका." तुम्ही म्हणालात, "ह्या टायमाला मी मागं बसणार हाय. पाचशेच्या पाचशे किलोमीटर. बोरवर भरवसा हाय माझा, तुमच्या मनगटावर न्हाय."

सातव्या दिवशी किक मारायला सुरुवात केली. दहा मी, दहा तुम्ही, मग दोघंही बाजेवर बसून धापा टाकत होतो. वसंता म्हणाला, मी मारू का? दोघंही एकदम त्याच्यावर ओरडलो. एकविसाव्या किकेला तिनं एकदा ढेकर दिला, आणि बाविसाव्याला सुरू झाली. बोकड दावं तोडून पळाला, कोंबड्या पत्र्यावर. तुम्ही कान इंजिनाजवळ नेऊन डोळे मिटून बसलात. मी तुम्हाला देवळातसुद्धा असं बसलेलं बघितलं नव्हतं.

मग सुरू झाली आपली वरात. मी पुढं, तुम्ही मागं, तुमच्या मांडीवर पत्रिकांची पिशवी आणि हळद-कुंकवाची डबी. पत्रिका वाटायला ह्यापेक्षा चांगलं वाहन जगात नाही. दर वीस किलोमीटरला थांबावंच लागतंय. थांबायचं तर घर बघून थांबायचं. इंजिन थंड होईपर्यंत चहा होतोय. गाडी फिरत होती चाळीसनं आणि पोटात चहा साठत होता वेगळाच. एकदा तुम्ही म्हणालात, "मेव्हणं, हिला ऑइल कमी आन् आपल्याला चहा जास्त झालाय. दोघांचंबी काढायला लागतंय."

भांडण मात्र सीटवर सुद्धा सुटलं नाही. मी काटा चाळीसवर धरून ठेवला तर मागून तुमची बोंब, "कमी-जास्त करा की! एकाच काट्यावर रिंगा बसत न्हाईत."

"तुमीच चाळीस म्हणला."

"चाळीसच्या वर नको म्हणलं. चाळीसवर खिळा ठोका म्हणलं का?"

माझं म्हणणं होतं की इंजिन पहिल्यापासनं ताणलं तरच मोकळं होतं. हळू शिकवलेलं हळूच राहतं. तुम्ही विचारलंत, "नवा खोंड जुपताना पहिल्या दिवशी मानंवर काय ठेवता?"

मी म्हणलं, "मोकळं जू."

"मग?"

पुढं म्हैस आली म्हणून मी हॉर्न वाजवत राहिलो. म्हैस केव्हाच गेली होती. पण दाजी, चढाला थोडं दाबा, उताराला सोडा, असं तुम्हीच सांगायचा की नाही? म्हणजे थोडं ताणायला लागतंयच. हे माझं अजून शिल्लक आहे. तुम्ही उत्तर दिलेलं नाही.

शंभर किलोमीटर झाल्यावर तुम्ही ऑइल काढलं. तळहातावर थोडं घेऊन उन्हात धरलं. त्यात बारीक चमक होती, मासोळीच्या खवल्यासारखी. "हे बघा," तुम्ही म्हणालात, "पिस्टन आन् बोर एकमेकाला घासून घ्याया लागल्यात. जेवढं टोचतंय तेवढंच झडतंय. पाचशेपर्यंत दोघांचं जमतं. मग जन्मभर आवाज न्हाय."

मी म्हणलं, "आपलं पंचेचाळीस वर्षांत जमलं न्हाय ते?"

"आपलं ऑइल बदली केलंच न्हाय कुणी."

आणि तो मामाचा घोटाळा. तो आठवला की मला अजून एकट्याला हसू येतंय. देवापुढं पत्रिका ठेवली की पहिलं आमंत्रण नवरीच्या मामाला, ही आपल्याकडची रीत. अश्विनीच्या मामाचं घर आठ किलोमीटरवर, रस्त्याला लागून. पण आठ किलोमीटरला तुम्ही मला थांबू देईनात. "आत्ता कुठं गरम व्हतंय. आत्ता बंद केलं तर रिंगा बसायच्या न्हाईत. येताना देऊ." मामाला आपण निघाल्याची बातमी आधीच लागलेली. तो बिचारा नवी टोपी घालून, बायकोच्या हातात ओवाळायचं ताट देऊन, रस्त्यावर उभा. आपण समोरून आलो, त्यानं हात जोडले, आणि आपण दोघं म्हातारे चाळीसनं त्याच्या पुढून निघून गेलो. तुम्ही तर मागून हातसुद्धा हलवला, "येताना! येताना!" म्हणून.

येताना दार बंद. मामा आतून म्हणाला, "ज्यांना आधी दिली त्यांनाच मामा करा." मी म्हणलं, चला, लग्न मोडतंय आता. तुम्ही त्याच्या ओट्यावर मांडी घालून बसलात आणि बंद दाराला रिंगा काय असतात ते सांगायला लागलात. पिस्टन किती गरम होतं, गार पिस्टन कसं सैल बसतं, अर्धवट गरम झालेलं इंजिन बंद केलं तर काय होतं. अर्धा तास. शेवटी दार उघडलं. मामा म्हणाला, "म्हणजे मला थांबवलं ते इंजिनासाठी?" तुम्ही म्हणालात, "इंजिनासाठीच. हात लावून बघा, गरम हाय का न्हाय." त्यानं हात लावला, चटका बसला, हसला. मग त्याला एक चक्कर मारून आणली. तुम्ही तिसरे मागं बसून.

"हात लावून बघा" हे तुम्ही प्रत्येक घरी म्हणत होता. पहिल्या दोन घरी मला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक आहे आपल्या कामाचं. चौथ्या घरी मला उजाडलं. मी निवडलेली घरं पाहुण्यांची होती. तीच सगळी मी बावीस वर्षांत ज्यांना ज्यांना इंजिनाची कथा सांगितली ती घरं. तुम्ही कुणाला एक अक्षर बोलला नाहीत की माझं बोर टाइट नव्हतं, मेव्हणा खोटं बोलतो. नुसतं म्हणत होता, हात लावून बघा, कान देऊन ऐका. तीनशे किलोमीटर माझ्या मागं बसून तुम्ही तुमचा हात दाखवत फिरत होता. आणि मी पुढं बसून रस्ता बघत होतो.

मग तो दिवस. रस्त्याच्या कडंच्या लिंबाखाली गाडी लावलेली, घर जवळ कुठं नव्हतं. तुम्ही इंजिनावर हात टेकवून आकडे मोजत होता. सहावर थांबलात आणि माझ्याकडं न बघता विचारलंत, "मेव्हणं, तवा किती काटा व्हता?"

"कवा?"

"येरमाळ्याच्या पुढं. एसटीशी लागला व्हता तवा."

तुम्ही म्हणालात, "पिस्टन बघूनच कळलं व्हतं मला. चाळीसनं चालणारं पिस्टन असं एका अंगानं वितळत न्हाय. पुढं महिन्यानं एक एसटीचा डायव्हर गॅरेजात चहाला आला. म्हणाला, हिरव्या टाकीचा एक पटकेवाला आमच्याशी लागला व्हता, एक हात सोडून रामराम घालत गेला. मी म्हणलं, लई बेस. आमचंच माणूस हाय ते."

"मग बोलला का न्हाईत?"

"बोलून? तुमाला खोटं पाडलं असतं तर शकूनं माहेरात कुठं बघितलं असतं? आन् मी दिवाळीला जेवाय कुणाच्या घरी आलो असतो?" असं म्हणून तुम्ही पुन्हा विचारलंत, "किती काटा व्हता?"

आणि मी काय म्हणालो, दाजी? सगळं उघडं पडलेलं, डायव्हरची साक्ष झालेली, लिंबाखाली तिसरं माणूस नाही. मी म्हणलं, "चाळीस."

तुम्ही हसायला लागला. असे हसला की लिंबाला धरावं लागलं. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, टोपी पडली. "चाळीस! बरं, चाळीस. पाचशे पुरं व्हवू द्या, मग पुन्ना इचारतो."

मी तेव्हाच मनात ठरवलं होतं की पाचशेला सांगायचं. तीनशे चाळीस झाले होते. एकशे साठ किलोमीटर म्हणजे काय, चार-पाच दिवसांचं काम. तुम्ही पाडव्याला घरी उमरग्याला गेलात, "गुढी उभारून येतो" म्हणून. आणि चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेलात.

फोन आला तवा मी पहिली उडी फटफटीकडं मारली. किल्ली लावली, किक मारली, सुरू झाली. उमरगा ऐंशी किलोमीटर. मूठ पिळली असती तर तासात पोचलो असतो. हात मुठीवर होता. मग मी इंजिन बंद केलं आणि वसंताच्या जीपमध्ये बसलो. तुम्ही मागं नसताना तुमचं ऐकून गाडी बंद करण्याची ती माझी पहिलीच वेळ. तुम्हाला बघायला मिळाली नाही, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मात्र गाडीवरच निघालो, एकटा. मागच्या सीटवर कुणी नाही. तरी काटा कधी तीस, कधी अडतीस. वीस किलोमीटरला थांबलो की हात टेकवून दहा मोजायचो, आणि सहावर आलो की उगीच थांबायचो. एका ठिकाणी चहावाल्यानं विचारलं, "आजोबा, बिघडली का?" मी म्हणलं, "न्हाय. लई चांगली झालीय."

तेराव्याला उमरग्यात जेवायच्या पंगती बसल्या होत्या. माणसं तुमच्याबद्दल बोलत होती. तिथं आमच्या भागातनं आलेला एक पाहुणा, माझ्या शेजारचाच, मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "हात सोन्याचा व्हता मिस्त्रीचा. फकस्त तुमचं त्येवढं इंजिन चुकलं त्यांच्या हातनं."

मी वाढलेल्या ताटावरनं उठलो. आपल्यात असं उठत नाहीत. सगळे बघायला लागले. मी म्हणलं, "चुकलं न्हवतं. बोर बरोबर व्हतं. म्या गाडी पंच्याऐंशीनं हाणली, एसटीच्या पुढं काढाया. दाजीला ठाऊक व्हतं. बावीस वर्षं गप बसलं माणूस, मला झाकाया. खोटं म्या बोललो."

शकू वाढत होती. तिच्या हातात बुंदीचं पातेलं. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही तिलासुद्धा सांगितलं नव्हतं, हे मला त्या क्षणाला कळलं, तिच्या तोंडाकडं बघून. मला वाटलं, आता पातेलं माझ्या डोक्यात घालते.

ती म्हणाली, "पंच्याऐंशी?"

"पंच्याऐंशी."

"मग एसटी मागं पडली का?"

"पडली."

तिनं तोंडाला पदर लावला. मला आधी वाटलं रडते. तेरा दिवसांत पहिल्यांदा हसत होती. सगळी पंगत हसायला लागली, आणि कोपऱ्यातला एक तुमचा जुना मिस्त्री डोळे पुसत म्हणाला, "उस्ताद म्हणायचे, आमचे मेव्हणे म्हंजे उताराला सोडलेली गाडी."

पण शकू ती शकूच. पंगत उठल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, इथं सांगून काय केलंस मोठं? ही उमरग्याची माणसं. ह्यांना त्यांचा हात ठाऊकच हाय. जिथं जिथं जाऊन बोंबललास, तिथं सांग."

"सांगतो की. पत्रिका अजून ऱ्हायल्यात त्या बाजूच्या."

"तू सांगतोस का न्हाय ते मी बघणार. आजवरचं तुझं मला ठाऊक हाय."

तेराव्यानंतर भावानं बहिणीला चार दिवस माहेरी न्यायचं असतंय. तिची पोरं म्हणाली, आई, कार लावतो. ती म्हणाली, "मी फटफटीवर जाणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. ती तुमच्याच जागेवर, मांडीवर तीच पिशवी. वेशीच्या बाहेर पडायच्या आतच मागनं सुरू झाली, "कमी-जास्त कर रं! ते असंच म्हणायचे ना?" मी म्हणलं, असंच.

पहिलं घर लोहाऱ्याच्या अलीकडं, नामदेवरावांचं. तुमच्या वयाचाच माणूस, ओट्यावर बसलेला. पत्रिका दिली, हळद-कुंकू लावलं आणि चहा यायच्या आत सांगून टाकलं, "नामदेवराव, माझं इंजिन दाजीनं मारलं न्हवतं. म्या मारलं."

"कसलं इंजिन?"

"ह्या गाडीचं. तुमच्या पोराच्या लग्नात म्या तुमाला सांगितलं न्हवतं का?"

"त्या लग्नात भाजी खारट झालती, तेवढं ध्यानात हाय."

आता आली का पंचाईत? मागं घ्यायचं म्हणजे आधी तुमची बदनामी पुन्हा पहिल्यापासनं सांगायला लागली, आणि मग ती खोटी म्हणायला लागली. शकू गालात हसत बसलेली. तेवढ्यात आतनं नामदेवरावांची बायको चहा घेऊन आली. ती म्हणाली, "मला ध्यानात हाय. त्या दिवसापासनं ह्यांनी पंपाचं इंजिन मिस्त्रीकडं न्यायचं बंद केलं. म्या म्हणलं व्हतं, असं एकाच्या ऐकण्यावर करू नगा."

मी मान खाली घातली.

"आता सांगून काय उपेग, आण्णा? माणूस गेल्यावर."

"उशीर झाला," मी म्हणलं. "लई उशीर झाला. पण सांगणार हाय. समद्यांना."

तिनं कप पुढं केला आणि शकूजवळ जाऊन बसली, तिचा हात हातात घेऊन. नामदेवराव उठून गाडीपाशी गेले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी वाकून इंजिनाला कान लावला. म्हणाले, "बंद हाय की." मी किक मारली. पहिल्या किकेला सुरू झाली. बराच वेळ ऐकत राहिले ते. म्हणाले, "वा रे मिस्त्री."

दुसऱ्या घरी सोपं गेलं. तिसऱ्या घरी म्हातारा मला शिव्या देऊन हसला. चौथ्या घरी मी तोंड उघडलं तर शकूनं मला बोलूच दिलं नाही. पदर खोचून पुढं सरकली आणि स्वतःच सांगायला लागली. एसटी कशी आली, खिडकीतलं माणूस काय म्हणालं, दादानं मूठ कशी पिळली, आमच्या ह्यांनी पिस्टन बघून कसं ओळखलं आणि कसं बावीस वर्षं पोटात ठेवलं. घरातली सगळी माणसं गोळा झाली. शेजारच्या दोन बायका कुंपणाला येऊन उभ्या. तिच्या तोंडी काटा पंच्याण्णववर गेला.

मी म्हणलं, "पंच्याऐंशी."

ती म्हणाली, "गप बस. इतकी वर्षं तू सांगितलंस. आता मी सांगती."

मी गप बसलो, आणि चहा प्यालो.